अंग हलवत आवाज मोकळा कसा करावा: क्रम, तपासण्या आणि हमखास होणाऱ्या चुका

आवाज मोकळा करायचा म्हणून बहुतेक जण पाच मिनिटं हातपाय ताणतात, मान गोल फिरवतात आणि मग एका जागी ताठ उभं राहून गायला किंवा बोलायला लागतात. व्यायामाने जे सुटलं होतं, ते त्या ताठ उभं राहण्यात पुन्हा आवळलं जातं. मग तक्रार येते की याचा काही उपयोग होत नाही. कसा होणार? हालचाल आणि आवाज यांची गाठच पडलेली नसते. अंग हलत असतानाच आवाज यायला हवा, आणि ती हालचाल एकदम न थांबता हळूहळू विरत जायला हवी. पुढचा सगळा क्रम त्यासाठी लावला आहे, म्हणून टप्पे मागेपुढे करू नका.

सुरुवात करण्याआधी शरीराबद्दलच्या दोन गोष्टी समजून घ्या. बाकीच्या सूचना त्यांवरच उभ्या आहेत.

पहिली गोष्ट. स्वरयंत्र जिभेच्या मुळाशी असलेल्या, नालाच्या आकाराच्या एका छोट्या हाडाला लटकलेलं असतं. ते हाडही दुसऱ्या कुठल्या हाडाशी सांध्याने जोडलेलं नाही, स्नायूंच्या आधारावर तोललेलं आहे. त्यातले काही स्नायू जबड्याकडे जातात, काही जिभेत शिरतात, काही छातीच्या मधल्या हाडाकडे उतरतात आणि एक तर थेट खांद्याच्या फऱ्यापर्यंत पोचतो. जबडा किंवा खांदा आवळला की गळ्याला ओढ बसते ती अशी.

दुसरी गोष्ट. जड वस्तू उचलताना आपण नकळत श्वास रोखतो. त्या वेळी स्वरतंतू घट्ट मिटतात, कारण छातीत कोंडलेल्या हवेचा धडाला आधार मिळतो. म्हणजे जोर लावायची वेळ आली की गळा बंद करायचा, ही शरीराची जुनी सवय आहे. म्हणून इथली प्रत्येक हालचाल सैल आणि झुलती हवी. भिंत ढकलणं, दोरी खेचणं, दंड-बैठका मारत गाणं यांतून गळा मोकळा होत नाही, उलट मिटायलाच शिकतो.

## तयारी

दोन्ही हात पसरून गोल फिरता येईल आणि आठ-दहा पावलं चालता येईल एवढी जागा लागते. कमरेचा पट्टा किंवा नाडी सैल करा. पायांत काही नको. जमीन फार गार असेल तर पातळ मोजे चालतील, पण ते निसरडे नसावेत.

भरपेट जेवणानंतर किमान दोन तास जाऊ द्या. पोट भरलेलं असलं की श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, खाली उतरायला जागा कमी मिळते, आणि आडवं पडल्यावर आम्ल घशाशी येऊ शकतं.

पाण्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. गिळलेला घोट स्वरतंतूंवरून जात नाही, तो अन्ननलिकेत जातो. सरावाच्या तोंडावर प्यायलेल्या तांब्याभर पाण्याने स्वरतंतू ओले होत नाहीत. शरीरात दिवसभर पुरेसं पाणी गेलं असेल, तरच त्यांच्यावरचा ओलावा नीट राहतो.

आता मोबाईल एका ठरलेल्या जागी ठेवा आणि दोन गोष्टी रेकॉर्ड करा: रोजच्या बोलण्यातली तीन-चार वाक्यं आणि सोयीच्या पट्टीतली गाण्याची एक ओळ. लगेच ऐकू नका, शेवटी ऐकायची आहे.

पूर्ण क्रमाला अर्धा तास लागतो.

सावधान: मानेच्या मणक्यांचा त्रास, चक्कर येण्याचा आजार किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असेल, तर या क्रमात नसलेले, डोकं खाली लोंबकळत ठेवण्याचे व्यायाम स्वतःहून जोडू नका. आवाज बसलेला असेल किंवा अंगात ताप असेल, त्या दिवशी फक्त पहिला टप्पा करा, तोही मोठ्याने आवाज न काढता.

## टप्पा १: जमिनीवर, पाच मिनिटं

पाठीवर झोपा. गुडघे वर, तळपाय जमिनीला टेकलेले. डोक्याखाली घडी केलेलं कापड किंवा पातळ पुस्तक ठेवा, म्हणजे कपाळ आणि हनुवटी साधारण एका पातळीत येतील. हनुवटी छताकडे उचललेली राहिली तर घडी वाढवा. गळ्यावर दाबली जात असेल तर कमी करा.

पहिली दोन मिनिटं काहीच करायचं नाही. हे लोकांना सगळ्यात अवघड जातं आणि म्हणूनच ते वगळलं जातं. पाठीचं वजन जमिनीवर सोडून देण्याइतकीही उसंत शरीराला मिळाली नाही, तर पुढचे टप्पे नुसती कवायत होऊन बसतात.

मग दोन्ही गुडघे जोडून डावी-उजवीकडे अगदी थोडे झुलवा, वीतभरच. एक हात खालच्या बरगड्यांवर, दुसरा पोटावर. आता ‘स्स’ करत श्वास हलकेच बाहेर सोडा. संपला की थांबा. श्वास आत ओढू नका, तो आपोआप येतो. सात-आठ वेळा.

इथली नेहमीची चूक म्हणजे छाती भरून ‘दीर्घ श्वास’ घेणं. जास्तीची हवा आत कोंडली की ती अडवून धरायचं काम गळ्यावर येतं. सुरुवात नेहमी श्वास सोडण्यापासून करा.

तपासणी: श्वास आत येताना पोट आणि खालच्या बरगड्या हातांखाली पसरतात का? खांदे कानांकडे सरकत असतील, तर अजून दोन मिनिटं इथेच राहा.

उठताना आधी कुशीवर वळा, मग हाताच्या आधाराने उठा. सरळ पोटाला आचका देऊन उठलात, तर मिळालेला सैलपणा तिथेच जातो.

## टप्पा २: तळपायांपासून वर

मानेपासून सुरुवात करायचा मोह टाळा. मान आवळली जाते ती बहुतेक वेळा खालच्या भागाचा तोल सांभाळता सांभाळता.

पावलं कमरेच्या रुंदीइतकी फाकवून उभे राहा. वजन हळूहळू डाव्या पायावरून उजव्यावर, मग टाचांवरून चवड्यांवर न्या. गुडघे मागे ताठ अडकवले असतील तर सोडा. वाकवायचे नाहीत, फक्त कुलूप काढायचं. गुडघे अडकले की कमर पुढे ढकलली जाते आणि पोट आवळतं. मग श्वासपटलाला उतरायला वाव उरत नाही.

त्यानंतर कमर छोट्या वर्तुळात फिरवा. मग धड डावी-उजवीकडे वळू द्या आणि हात दोरीसारखे लोंबत त्याच्यामागून येऊ द्या. हात आपण फेकायचे नाहीत, धड वळलं की ते मागोमाग येतातच. मिनिटभराने खांद्यांत ऊब जाणवते.

मान सर्वांत शेवटी. नाकाच्या शेंड्याने हवेत नाण्याएवढं वर्तुळ काढा, दोन्ही दिशांना. डोकं मागे टाकून पूर्ण गोल फिरवू नका. त्याने मानेचे सांधे रगडले जातात, काहींना चक्कर येते आणि सैलपणा मात्र मिळत नाही.

## टप्पा ३: जबडा आणि जीभ

तळहात गालांवर ठेवा आणि कानशिलांपासून हनुवटीपर्यंत हळूहळू खाली ओढा. जबडा हातांबरोबर खाली येऊ द्या. तोंड ‘उघडायचं’ नाही, ते सुटून उघडलं जातं. दातांमध्ये बोटभर फट राहिली तरी पुष्कळ.

मग जीभ खालच्या ओठावर सैल पसरून ठेवा आणि तशीच चार वाक्यं बोला. उच्चार बोबडे येतील, येऊ द्या. जीभ आत पळायला बघते का, तेवढं पाहा. जीभ आत घेऊन तीच वाक्यं पुन्हा म्हणा. शब्द बऱ्याचदा लगेच पुढे, दातांपाशी आल्यासारखे वाटतात.

तपासणी: अंगठा हनुवटीखालच्या मऊ भागावर टेकवून ‘आ’ म्हणा. अंगठ्याखाली गाठ आल्यासारखं कडक झालं, तर जिभेचं मूळ स्वरयंत्रावर दाबलं जातंय. ‘आ’ म्हणता म्हणता डोकं किंचित हलवत राहा आणि तो भाग मऊ राहीपर्यंत आवाज लहान करत जा.

सावधान: कानापुढे ‘कट्’ असा आवाज येत असेल किंवा दुखत असेल, तर जबडा आणखी खाली ओढू नका.

## टप्पा ४: श्वासाला हालचालीची जोड

दोन्ही हात पुढे-मागे झुलवा, गुडघेही सोबत हलके वाकू द्या. हात पुढे जाताना ‘फ्फ’ करत श्वास सोडा, मागे येताना तो आपोआप आत येऊ द्या. लय जमली की ‘फ्फ’ऐवजी ‘श्श’, मग ‘झ्झ’. या ‘झ्झ’मध्ये पहिल्यांदा स्वरतंतू कामाला लागतात आणि अंग मात्र झुलतच असतं.

हालचाल आधी सुरू होते आणि श्वास तिच्यावर स्वार होतो, हा क्रम सोडू नका. श्वास घेऊन, क्षणभर रोखून मग हात हलवलात, तर त्या क्षणभरात गळा मिटतो आणि ‘झ्झ’ धक्क्याने सुरू होतो.

## टप्पा ५: पहिला सूर, चालता चालता

खोलीत रमतगमत चाला. ओठ सैल मिटून त्यांतून हवा सोडत फुरफुर करा, सूर लावून. ओठ फुरफुरत नसतील, तर दोन बोटांनी गाल किंचित वर उचलून धरा. तरीही जमलं नाही तर पेयाची नळी ओठांत धरून तिच्यातून सूर काढा. तोंड असं अर्धवट बंद असलं की हवेचा थोडा दाब मागे गळ्याकडे परततो आणि स्वरतंतू एकमेकांवर कमी जोराने आपटतात. सुरुवातीच्या आवाजासाठी याहून सुरक्षित काही मला माहीत नाही.

बोलण्याच्या उंचीजवळचा सोयीचा सूर घ्या. तिथून चार-पाच सूर वर घसरत जा आणि परत या. पट्टी अर्ध्या-अर्ध्या सुराने बदला. वरच्या टोकाला फुरफुर तुटली, तर ती आजची हद्द समजा. जोर करून पुढे जाऊ नका. मग ओठ मिटून गुणगुणा, तेही चालतच. शेवटी एक-दोन मोठे उसासे, वरून खाली सरकणारे.

तपासणी: गुणगुणताना ओठांवर आणि नाकाच्या हाडावर बारीक थरथर जाणवायला हवी. गळ्यात काहीच जाणवू नये. पावलं आपोआप थांबली असतील तर आवाज काढण्यासाठी तुम्ही अंग रोवून धरताय. पुन्हा चालू लागा.

## टप्पा ६: अडचणीनुसार हालचाल

इथपर्यंतचं सगळं सर्वांसाठी सारखं होतं. इथून पुढे प्रत्येकाची अडचण वेगळी, म्हणून हालचालही वेगळी. सगळ्या एकाच दिवशी करू नका. आपली एक अडचण ओळखा आणि आठवडाभर तिच्यावरच काम करा.

वरचा सूर चिरकतो किंवा गळा आवळतो. सूर वर जाताना आपणही वर उचकतो: हनुवटी वर, भुवया वर, टाचा वर. उलट करा. सूर चढू लागला की गुडघे वाकवत खाली उतरा, आणि सर्वांत वरचा सूर येईल तेव्हा शरीर सर्वांत खाली असू द्या. उतरणं सूर येण्याच्या जरा आधी सुरू व्हायला हवं. उशीर झाला तर तो नुसता धक्का ठरतो.

लांब सूर मध्येच डगमगतो. एक तळहात छातीसमोरून बाजूला, संथपणे, न थांबता सरकवत न्या. सूर संपेपर्यंत हात थांबता कामा नये. हात कुठे अडखळतो ते पाहा. श्वासही नेमका तिथेच अडखळलेला असतो.

सुरुवात धक्क्याने होते. ‘आ’, ‘ए’, ‘उ’ने सुरू होणाऱ्या शब्दांवर गळ्यात टक् असा आवाज येतो, कारण स्वरतंतू आधी घट्ट मिटून मग फुटतात. मऊ चेंडू खालून वर, हलक्या हाताने फेका आणि चेंडू हातातून सुटताना स्वर सुरू करा. जोडीदार असेल तर झेलाझेल करत करा. चेंडू नसला तर रिकाम्या हाताने तीच हालचाल करा.

खालचे सूर दबून जातात. इथे हनुवटी छातीकडे दाबायची सवय असते. सूर उतरताना तळहात पोटापासून कपाळापर्यंत हळूहळू वर येऊ द्या.

तान किंवा भराभर बोलणं अडखळतं. मनगटं सैल सोडून झटकत राहा, टाचा जेमतेम उचलत हलके हिंदकळा. तानेच्या प्रत्येक सुरावर मानेने ताल धरणाऱ्यांनी तो ताल पायांत उतरवावा.

वाक्याची शेपटी गळून पडते. बोलणाऱ्यांमध्ये ही अडचण सर्वांत जास्त दिसते आणि मराठीत ती महागात पडते, कारण आपलं क्रियापद आणि बहुतेकदा ‘नाही’सुद्धा वाक्याच्या शेवटी येतं. ‘हे काम आजच पूर्ण करायचं नाही’ यातला शेवटचा शब्द विरला, तर ऐकणाऱ्याला उलटाच अर्थ कळतो. यासाठी एखादा उतारा मोठ्याने वाचत चाला. वाक्य संपेपर्यंत एका दिशेने चालायचं, पूर्णविरामाला वळायचं. शेवटच्या शब्दावर पाऊल पूर्ण टेकलेलं असलं पाहिजे. वळल्यावर श्वास आपोआप येऊ द्या आणि मगच पुढचं वाक्य. लोक वाक्य संपायच्या आधीच वळतात; त्यांचा आवाजही तिथेच सुटतो.

सावधान: हालचालीने आवाज मोठा करायला जाऊ नका. हात जितका जोरात, तितका सूर जोरात, असं होऊ लागलं तर हालचाल अर्ध्यावर आणा.

## टप्पा ७: हालचाल विरवत नेणं

या टप्प्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. तो वगळला, तर आधीच्या सगळ्या मेहनतीचा फायदा सरावाच्या खोलीपुरताच राहतो.

एकच ओळ किंवा एकच वाक्य घ्या आणि चार फेऱ्या करा.

१. पूर्ण हालचालीसह.
२. तीच हालचाल निम्म्या आकारात.
३. बोटभर आकारात, समोरच्या माणसाला जेमतेम दिसेल इतकी.
४. बाहेरून स्थिर, पण हालचाल आतून सुरू आहे असं समजून.

एखाद्या फेरीत आवाज पुन्हा आवळला, तर एक पायरी मागे जा, तिथे तीन-चार वेळा म्हणा आणि पुन्हा उतरा. पहिल्या आठवड्यात बहुतेकांना तिसऱ्या फेरीच्या पुढे जाता येत नाही. त्यात काही बिघडत नाही. चौथीची घाई केली की स्थिर राहण्याऐवजी माणूस थिजतो. स्थिर शरीरात गुडघे, बरगड्या आणि मान हलू शकतात, फक्त हलत नसतात. थिजलेल्या शरीरात ती सोय उरत नाही.

तपासणी: एक सूर धरा आणि ‘नाही’ म्हणताना हलवतो तसं डोकं हळूहळू डावी-उजवीकडे वळवा. सूर न बिघडता डोकं वळलं, तर मान मोकळी आहे. डोकं अडकलं किंवा सूर हलला, तर तुम्ही सूर मानेने धरून ठेवलाय. बोलणाऱ्यांनी हीच तपासणी एखादं लांब वाक्य म्हणत करावी.

बसून गाणाऱ्यांनी आणि बोलणाऱ्यांनी चारही फेऱ्या बसून पुन्हा करा. खुर्चीवर पुढच्या कडेजवळ बसा, तळपाय जमिनीला टेकलेले. मांडी घालून बसत असाल तर बुडाखाली घडी घ्या, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतील. घडी नसली की कंबर मागे घसरते, पाठीला पोक येतं आणि हनुवटी पुढे निघते. हातात माईक किंवा कागद धरायचा असेल तर सरावातही धरा. खांदा आवळायला तेवढं निमित्त पुरतं.

## टप्पा ८: ऐकणं

सुरुवातीची तीच वाक्यं आणि तीच ओळ पुन्हा रेकॉर्ड करून दोन्ही एकामागून एक ऐका. आवाज किती गोड आला याकडे लक्ष देऊ नका. शब्दांची सुरुवात धक्क्याने होते का, वाक्याचा शेवट ऐकू येतो का आणि श्वास आत घेतानाचा आवाज येतो का, एवढंच तपासा.

सुरुवातीला एक गोष्ट गोंधळात टाकते. गळ्यातला जोर कमी झाला की गाणाऱ्याला आतून आवाज लहान, कधी कधी पोकळ वाटतो. जोर लावल्याची जाणीव म्हणजेच आवाज, अशी सवय झालेली असते. मग लोक जुना दाब परत आणतात. अशा वेळी आतल्या जाणिवेपेक्षा रेकॉर्डिंगवर विश्वास ठेवा.

## कधी थांबायचं

गळ्यात दुखणं, खाज, वारंवार कोरडा खोकला किंवा सरावानंतर घोगरेपणा, यांतलं काहीही झालं तर त्या दिवशीचा सराव तिथेच संपवा. घसा खाकरून साफ करू नका, त्याने स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात. त्याऐवजी आवंढा गिळा किंवा पाण्याचा घोट घ्या. आवाजाला विश्रांती म्हणून ताण देऊन कुजबुजू नका. त्यापेक्षा गप्प राहणं किंवा हळू आवाजात नेहमीसारखं बोलणं चांगलं.

घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू तपासून घ्या. थुंकीत रक्त, गिळताना त्रास किंवा धाप लागणं दिसलं तर तेवढीही वाट पाहू नका. अशा घशाला व्यायामाची नाही, निदानाची गरज असते.

## वेळ कमी असेल तेव्हा

कार्यक्रमाआधी पाचच मिनिटं हातात असतील तर अर्ध्या तासाचा क्रम भराभर उरकू नका. एक मिनिट वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेत श्वास सोडा. एक मिनिट जबड्यावरून हात ओढा. दोन मिनिटं चालत फुरफुर किंवा गुणगुणणं. उरलेल्या मिनिटात तुमची पहिली ओळ किंवा पहिलं वाक्य, बोटभर हालचालीसह, दोनदा. नवीन काही करून पाहायची ही वेळ नाही, आणि सर्वांत वरचा सूर ‘लागतोय ना’ हे बघायचीही नाही. नाव पुकारलं जाईपर्यंत बाजूला हळूहळू चालत राहा आणि पहिला श्वास चालता चालताच घ्या.